आईचा उजवा कान

आमच्या घरात आईच्या डाव्या कानाला 'खराब कान' म्हणत. लहानपणी तो फुटला, महिनोन्‌महिने वाहिला. आजीने लसणाचं कोमट तेल घालून घालून तो एकदाचा थांबवला, पण तो थांबला तेव्हा त्या बाजूचं ऐकणंही बरंचसं थांबलेलं होतं. त्यामुळे आईशी बोलायचं ते उजवीकडून, हा घरातला नियम. जेवायला बसताना बाबा तिच्या उजवीकडे, मी समोर. रस्त्याने जाताना मी तिच्या उजव्या हाताला. आज एवढ्या वर्षांनीही कुणाबरोबर चालायला लागले की माझे पाय आधी त्याची उजवी बाजू शोधतात. ही सवय आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या हातून पुढे जी चूक झाली तिचं मूळ इथे आहे.

आम्ही यवतमाळकडचे. बाबा स्वारगेटच्या आगारात गाड्या धुवायचे आणि आई चार घरी पोळ्या करायची. बिबवेवाडीच्या चढावर आमची पत्र्याची एक खोली होती. दुपारी पत्रा तापला की टक्‌ टक्‌ वाजायचा आणि संध्याकाळी निवताना तसाच, पण जरा सावकाश वाजायचा. या दोन टकटकींच्या मधला वेळ म्हणजे माझा अभ्यासाचा वेळ. आई कामावरून आली की स्टोव्हचा फर्र आवाज सुरू व्हायचा. ती एकाच कानाने ऐकायची, पण स्वयंपाक मात्र पुष्कळसा ऐकूनच करायची. मोहरीकडे ती बघतसुद्धा नसे. पाठ वळवून पीठ मळता मळता म्हणायची, "जिरं हासलं का कांदा टाक." मोहरीचं तडतडणं संपून जिऱ्याचा जो बारीक, दबका आवाज येतो, त्याला ती हसणं म्हणायची. मी कितीतरी दिवस कान लावून बसले तेव्हा मला ते ऐकू यायला लागलं. कॉलेजात पुढे आवाजाची उंची, तीव्रता, कानातल्या गोगलगाईसारख्या नळीतले बारीक केस आणि कुठला केस कुठल्या आवाजाला डोलतो हे सगळं शिकले. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते हे जिरं. वर्गात मी ते बोलले नाही. वर्गात मी काहीच बोलत नसे.

मी हे कानाचं शिक्षण घ्यायला गेले ती ठरवून गेले असं म्हणता येणार नाही. बारावीला विज्ञान होतं, नर्सिंगचा अर्ज उशिरा भरला गेला आणि खिडकीवरच्या माणसाने दुसरा अर्ज पुढे सरकवला. त्यावर जे लिहिलं होतं त्याचा उच्चार मला घरी जाऊन बाबांसमोर करता आला नाही. "कानाचं आहे," एवढंच मी म्हणाले. बाबांनी आगारात सांगून टाकलं की पोरगी कानाची डॉक्टर होणार. मी पुष्कळदा सांगितलं, बाबा, डॉक्टर नाही, तपासणीस म्हणा फार तर. ते मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी परत तेच सांगायचे. आमच्या दोन्हीकडच्या खानदानात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. त्यामुळे माझी पदवी नेमकी कशाची, हा प्रश्न घरात फारसा महत्त्वाचा नव्हता.

मी दुसऱ्या वर्षाला असताना आईला चक्कर सुरू झाली. पहिल्यांदा एका सकाळी, अंथरुणातून उठताना. ती भिंतीला धरून बसली आणि म्हणाली, "खोली फिरून राहिली व." आम्हाला वाटलं, अशक्तपणा. आदल्या दिवशी तिचा उपास होता. पण मग ते रोजचं झालं. कूस बदलली की फिरायचं, वरच्या खिळ्याला पिशवी अडकवायला मान वर केली की फिरायचं. अर्ध्या-पाऊण मिनिटात थांबायचं, पण तेवढ्यात तिला कोरडी ओकारी यायची आणि चेहरा पांढरा पडायचा. बाबांनी लिंबू आणलं. शेजारणीने नजर उतरवली. चौकातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी आईला झोप यायची आणि झोपेत कूस बदलली की पुन्हा तेच.

चार घरांपैकी दोघांनी तिला आठवड्याभरात नको म्हणून सांगितलं. तिसऱ्या घरच्यांनी गावाला जातो म्हणून सांगितलं आणि गेले नाहीत. चौथं घर अभ्यंकर बाईंचं. बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. पर्वतीच्या पायथ्याशी दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. आई त्यांना जरा भ्यायची, पण त्यांच्याकडचं काम तिला सगळ्यांत आवडायचं. "मान देतात," म्हणायची. त्यांचा मान देण्याचा प्रकार थोडा वेगळा होता. पहिल्याच दिवशी त्यांनी आईची पोळी उचलून उजेडात धरली होती आणि म्हणाल्या होत्या, "कमलबाई, पोळी गोलच हवी असा माझा हट्ट नाही. पण भूगोल मला कधीच आवडला नाही." आईला ते कळायला दोन दिवस लागले आणि कळलं तेव्हा ती भांडी घासता घासता एकटीच हसली. वरणात गूळ घालायला मात्र तिचा हात शेवटपर्यंत धजला नाही. बाई स्वतः उठून घालायच्या.

त्या बाईंनी चक्कर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि आईला खुर्चीत बसवून सांगितलं, "तुमच्यावर माझा विश्वास आहे, तुमच्या पायांवर नाही. गॅसपाशी पडलात तर मी तुम्हाला उचलू शकणार नाही. चक्कर थांबेल त्या दिवशी या. तोवर मी भात खाईन."

आई घरी आली आणि पहिल्यांदा रडली. बाकीची तीन घरं गेली तेव्हा ती रडली नव्हती. ती रात्रंदिवस खोलीत बसून राहायला लागली, मान ताठ धरून, डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखी. हाक मारली तर सगळं अंग वळवायची. मला तिचं ते वळणं बघवायचं नाही. बाबा एकदा जेवता जेवता म्हणाले, "तू कानाचं शिकून राहिली नं? मंग पाह्य तिच्याकडं." मी म्हणाले, "बाबा, हे चक्करचं आहे." त्यांनी पुढचा घास घेतला. कान आणि चक्कर यांचा संबंध काय, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. ते प्रकरण पुस्तकात पुढे होतं.

पंधरा दिवसांनी पिंगळे मॅडमनी ते शिकवलं. त्या आमच्या विभागात सगळ्यांत तरुण आणि सगळ्यांत कडक होत्या. त्यांनी फळ्यावर कानाचं चित्र काढलं आणि गोगलगाईच्या नळीकडे पाठ करून दुसऱ्या बाजूला खडू टेकवला. म्हणाल्या, इतके दिवस आपण अर्धाच कान शिकलो. या बाजूला तीन अर्धगोल नळ्या आहेत, पाण्याने भरलेल्या. डोकं वळलं की आतलं पाणी जरा मागे राहतं आणि त्यावरून मेंदूला कळतं, आपण वळलो. शेजारीच एक पिशवी आहे, तिच्यात चिकट थरावर चुनखडीचे अगदी बारीक कण बसलेले असतात. खाली कुठे, वर कुठे, हे त्यांच्या वजनावरून कळतं. कधी कधी त्यातले काही कण सुटतात आणि नळीत शिरतात. मग माणूस नुसता कुशीवर वळला तरी ते कण घरंगळत राहतात, पाणी ढवळतात आणि स्थिर माणसाला वाटतं की जग फिरतंय. अर्धं मिनिट, पाऊण मिनिट. अंथरुणात वळताना, वर बघताना.

माझ्या हातातलं पेन थांबलं. फळ्यावर माझी आईच काढली होती.

मग त्यांनी उपायही दाखवला. एका मुलीला टेबलावर आडवं करून, तिचं डोकं हातात धरून, एका बाजूला, मग दुसऱ्या, मग कुशीवर, मग उठवून. चक्रव्यूहातून गोटी बाहेर काढतात तसं ते कण डोकं फिरवून फिरवून जिथले तिथे पोचवायचे. औषध नाही, सुई नाही. मॅडम त्याआधीही बरंच काही सांगत होत्या, कुठल्या कानाचा दोष ते कसं ओळखायचं वगैरे. पण खरं सांगायचं तर मी तोवर घरी पोचले होते.

त्या संध्याकाळी मी एका काचेच्या बाटलीत पाणी भरलं, त्यात चिमूटभर रवा टाकला आणि आईच्या समोर बाटली फिरवून एकदम थांबवली. बाटली थांबली तरी रवा आत फिरत होता. आईने ते पुन्हा पुन्हा करायला लावलं. मग स्वतः बाटली हातात घेतली. "म्हंजे डोकं थांबते, रवा नाई थांबत," ती म्हणाली. माझ्या दोन वर्षांच्या इंग्रजी वह्यांमध्ये याहून सोपं वाक्य नव्हतं. मी म्हणाले, "माय, मी तो काढू शकते." घरात मी तिला आईच म्हणायचे, पण त्या दिवशी का कोण जाणे, गावाकडचा शब्द आला.

कुठला कान, हा प्रश्न आम्हाला दोघींनाही पडलाच नाही. आईचा खराब कान डावा होता. सबंध घराला माहीत होतं. मी गादी दुमडून खांद्याखाली घातली, तिचं डोकं डावीकडे वळवलं आणि तिला मागे झोपवलं. तिने माझं मनगट घट्ट धरलं. "भ्या वाटते व." मी म्हणाले, "डोळे मिट." तिने मिटले. मला वाटलं, घाबरलेल्या माणसाला एवढी तरी सूट द्यावी. मग दुसऱ्या बाजूला, मग कुशीवर, मग उठवलं. मध्ये एकदा तिची बोटं माझ्या मनगटात रुतली. मी विचारलं, "फिरतंय?" ती म्हणाली, "जरासक." तेवढं तर होणारच, असं मला वाटलं.

उठून बसल्यावर तिने बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "उतरलं व. हलकं वाटून राहिलं."

मी चढ उतरून खाली किराणावाल्याकडे पळत गेले. त्याच्याकडे नाणं टाकायचा लाल फोन होता. अभ्यंकर बाईंना मी म्हणाले, "बाई, मी कमलताईंची मुलगी वनिता. आई आता पूर्ण बरी आहे. मीच उपचार केला."  मग बाई म्हणाल्या, "असं? मग उद्या पाठव."

तिसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा आमच्या चढाच्या तोंडाशी थांबली आणि तीतून आई उतरली. तिच्या पाठोपाठ अभ्यंकर बाई, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात आईची पिशवी. आईचा उजवा हात कोपरापर्यंत ओल्या पंच्यात गुंडाळला होता. वरच्या फळीवरचा कणकेचा डबा काढायला तिने मान वर केली होती आणि तोल सावरायला हात टेकला तो तापलेल्या तव्यावर. हे सगळं बाईंनी तीन वाक्यांत सांगितलं. आई म्हणत होती, "घसरला हात. काई नाई." बाई आमच्या खोलीत पहिल्यांदाच आल्या होत्या. इकडेतिकडे न बघता त्या ट्रंकेवर बसल्या, दम खाल्ला आणि मला म्हणाल्या, "तू फोनवर म्हणालीस, 'पूर्ण बरी'. मी चाळीस वर्षं मुलींच्या वह्या तपासल्यात. उत्तर आलं की ताळा करायचा असतो, एवढं तुला कुणी शिकवलं नाही का?"

आवाज मुळीच चढलेला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.  बाई उठल्या. दारात थांबून आईला म्हणाल्या, "मलम दिवसातून दोनदा. आणि कमलबाई, हात बरा होईपर्यंत लाटणं दिसलं तरी डोळे मिटा." रिक्षापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी परत आले तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती, मान ताठ, घागरीखाली असल्यासारखी. मी तिच्या उजव्या बाजूला बसले आणि विचारलं, "त्या दिवशी खरंच उतरलं होतं का?"  मी परत विचारलं. मग म्हणाली, "नाई."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुयं तोंड पाह्यलं म्या. बाटली फिरवून दाखवली तवापासून तुयं तोंड असं होतं..."  पंचा सारखा करत म्हणाली, "इतके वर्षं शिकून राहिली. पह्यल्यांदा शिकलेलं माह्यावर केलं. नाई उतरलं म्हणून कसं सांगू?"

मला राग आला होता, तिचाही आणि त्याहून जास्त माझा.  पत्रा निवत होता, टक्‌ टक्‌ करत. तिला वाटलं होतं की तिच्या चक्करेपेक्षा माझं अपयश मोठं. आणि मी? मला तिने बरं व्हायला हवं होतं, की मी बरं केलेलं हवं होतं? हा प्रश्न त्या संध्याकाळी मला पडला. 

दुसऱ्या दिवशी मी पिंगळे मॅडमच्या टेबलापाशी जाऊन सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, कॉलेजातून काढून टाकतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "डोळे बघितलेस?"

मी म्हणाले, "मिटायला सांगितले."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "कण घरंगळले की डोळे उडतात. त्यावरूनच कान कळतो. तू दार लावून घेतलंस आणि आत कोण आहे ते अंदाजाने ठरवलंस. डावा कसा ठरवला?" मी खराब कानाचं सांगितलं.  मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "ऐकण्याची खोली वेगळी, तोलाची वेगळी. भिंत एकच असली तरी. ज्या कानाने तिने जन्मभर काम चालवलं, तोही बिघडू शकतो. आणि तिच्या मानेत आधीच काही दोष असता तर? मान आधी डॉक्टरांना दाखवायची असते. परत असं घरी करशील तर मला तोंड दाखवू नकोस. उद्या आईला घेऊन ये."

आई यायला तयार नव्हती. माझ्यामुळे मॅडमना त्रास, असं तिचं म्हणणं. शेवटी बाबांनी आगारातून सुट्टी काढली आणि तिला कॉलेजात नेलं. डॉक्टरांनी मान तपासली, कान पाहिले. मग मॅडमनी मला टेबलाच्या डोक्याशी उभं केलं आणि म्हणाल्या, "डोकं तू धर. हात मी धरते तुझे." त्यांनी आईला सांगितलं, "कमलताई, कितीही फिरलं तरी डोळे उघडे. हिच्या नाकाकडे बघायचं."

आधी डावीकडे. आई माझ्याकडे बघत होती, डोळे शांत. मोजत राहिलो. काही नाही. उठवलं. मग उजवीकडे. डोकं टेबलाच्या कडेवरून खाली गेलं. एक क्षण, दोन क्षण काहीच झालं नाही आणि मग तिचे डोळे उडायला लागले. भोवऱ्यासारखे, थरथरत, पुन्हा पुन्हा एकाच बाजूला ओढले जात. तिने माझं मनगट धरलं, पट्टी बांधलेल्या हाताने. मिटाव्यात म्हणून पापण्या थरथरत होत्या, पण तिने त्या मिटल्या नाहीत. "माय, बघ माझ्याकडे," मी म्हणत होते. ती म्हणाली, "तुयी चार चार नाकं दिसून राहिली." मॅडम हसल्या. मी हसू शकले नाही. इतके दिवस आई जे तोंडाने लपवत होती ते माझ्यासमोर उघडं होतं आणि ती ते थांबवू शकत नव्हती. तीस-एक सेकंदांत ते मंदावलं आणि थांबलं. मग दुसरी बाजू, मग कूस, मग उठवलं. मॅडमनी थांबून परत एकदा उजवीकडे झोपवलं. डोळे स्थिर. मॅडम मला म्हणाल्या, "आता म्हण, काय म्हणायचंय ते." मी म्हणाले, "आज डोळे उडत नाहीत." त्या म्हणाल्या, "बरोबर. एवढंच."

आता वाघोलीला माझी स्वतःची दोन खोल्यांची जागा आहे. मी बाबांना सांगायचे तशी तपासणीसच झाले. कंपन्यांत काम करणारी तरुण पोरं येतात, निवृत्त शिक्षक येतात, पोळ्या करणाऱ्या बायका येतात. डॉक्टरांनी पाठवलेली असतात. पुष्कळजण उठता उठताच म्हणतात, "छान वाटतंय, मॅडम." त्यात काहींना खरंच छान वाटत असतं आणि काहींना माझं मन मोडायचं नसतं. आपल्याकडे समोरच्याने कष्ट घेतले की त्याला नाही म्हणवत नाही. मी हसते आणि म्हणते, परत एकदा झोपा, डोळे उघडे ठेवा.

तेव्हा आईचा हात भरून यायला तीन आठवडे लागले आणि तेवढ्यात मॅडमनी तिला आणखी दोनदा तपासलं. चक्कर परत आली नाही, तरी तिला विश्वास बसेना. ती अजून डाव्याच कुशीवर झोपायची. शेवटी मी परत त्या लाल फोनवर गेले. मी म्हणाले, "बाई, आईचा उजव्या बाजूचा दोष काढला. तीन वेळा तपासलं, डॉक्टरांसमोर. तिन्ही वेळा नव्हता. पुढे येणारच नाही असं मी सांगू शकत नाही."  मग बाई म्हणाल्या, "त्या दिवशी मी सगळे डबे खाली आणून ठेवलेत. आता स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. वर ठेवायला कोण येणार?"

आम्ही दोघी गेलो. बाई दाराजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. आई गॅसपासून लांब, फळीखाली उभी राहिली. मी तिला एकेक डबा देत होते. पहिला तिने छातीपाशी धरला, थांबली, हळूहळू मान वर केली. वर्तमानपत्राची सळसळ थांबली. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते. ते वर, फळीवर लागलेले होते आणि जागचे हलले नाहीत. डबा वर गेला. मग दुसरा गेला, तिसरा गेला. चौथा द्यायला मी विसरले, नुसतीच तिच्याकडे बघत राहिले.

"माह्या डोयाकडं काय पाहून राहिली?" आई वरतीच बघत, हात मागे पसरून म्हणाली. "डबा दे, पोट्टे."